आमची साहित्यसमीक्षा

मराठीत ‘साहित्य’ हा शब्द ज्याने कुणी रूढ केला त्याने पुढच्या पिढ्यांच्या सोयीचा विचार केलेला दिसत नाही. सत्यनारायणाच्या पूजेला लागतं ते साहित्य, बेसनाच्या लाडवांना लागतं ते साहित्य, आणि नळ दुरुस्त करणारा जे पिशवीत भरून आणतो आणि नेमकं हवं तेवढं घरी विसरून येतो, तेही साहित्यच. ज्याच्यावरून संमेलनात भांडणं होतात त्या साहित्याला एखादा वेगळा शब्द असता, तर आमच्या वाचनालयाचे चिटणीस त्या दिवशी माझ्या घरी आले नसते.

“आपल्याकडे साहित्याचा मोठा संग्रह आहे असं शेजारी म्हणाले,” त्यांनी सुरुवात केली.

“छे हो, मोठा कसला! दोन कपाटं,” मी विनयाने म्हणालो.

“नवं की जुनं?”

“जुनंच जास्त. नव्यात तो कस राहिला नाही.”

चिटणिसांचा चेहरा उजळला. “अगदी माझ्या मनातलं बोललात! आमच्या चर्चेचं अध्यक्षपद तुम्हीच घ्यायला हवं. जरा बघू का संग्रह?”

मी कपाट उघडलं. वरच्या खणात कॅमेरे, मधल्या खणात लाइटमीटर, फिल्टर आणि फ्लॅशगन, खालच्या खणात डेव्हलपिंगची टाकी, ट्रे आणि हायपोची बरणी. कोपऱ्यात तीन पायांवर कशीबशी उभी असलेली तिकाटी. चिटणीस बराच वेळ बघत राहिले. मग चहा घेऊन निघून गेले. चर्चेला अध्यक्ष म्हणून दुसरेच कुणीतरी होते.

पण अध्यक्षीय भाषणाची तयारी मनात होऊन बसली होती, ती काही जाईना. आणि खरंच, छापील साहित्याची एवढी समीक्षा होते, तर छायाचित्रणाच्या साहित्याने काय घोडं मारलंय? मी पन्नासएक वर्षं ह्या साहित्याचा एकनिष्ठ उपासक आहे. त्यापायी पगार घालवला, अंगठ्याचं नख घालवलं, एकदा आख्खा पाडवा घालवला. एवढा अधिकार तर पुष्कळ समीक्षकांनाही नसतो. तेव्हा ते न झालेलं भाषण इथे करून टाकतो.

आमच्या साहित्यातली पहिली कृती म्हणजे अ‍ॅग्फा क्लिक थ्री. मी मॅट्रिक झालो तेव्हा मामाने दिली. कॅमेरा बडोद्याला तयार झालेला, दिसायला शाळेच्या डब्यासारखा, आणि शैलीच्या बाबतीत अत्यंत साधा. पुढे एक सूर्याचं चित्र आणि एक ढगाचं चित्र. ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग. ह्यापलीकडे हवामानाबद्दल त्याला काही म्हणायचं नसे. एकशेवीस नंबरचा रोल, त्यावर बारा फोटो. पाठीला लाल काचेची एक खिडकी. तिच्यातून फिल्मच्या मागच्या कागदावरचे आकडे एकेक करून सरकताना दिसत. रोल ऊटीच्या सरकारी कारखान्यातला, ‘इंदू’ नावाचा. नाव एवढं सोज्वळ की तो रोल काळोखात एकटा सोडतानासुद्धा मला संकोच वाटे.

अशा पेटीकॅमेऱ्यांना बहुधा एकच भिंग असतं. एका भिंगातून येणारं चित्र मधोमध स्वच्छ आणि कडांना धूसर पडतं. ह्यावर कारखानदारांनी जी युक्ती काढली तिला मी आजवर मनातून नमस्कार करत आलो आहे. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत फिल्मच थोडी वाकवून बसवलेली असते. म्हणजे भिंगाचा दोष भिंगाने सुधारायचा नाही. फिल्मने पाठ वाकवून तो पोटात घालायचा. आमच्या एकत्र कुटुंबांची घडी ह्याच तत्त्वावर बसली होती, हे पुढे लग्नानंतर माझ्या लक्षात आलं.

ह्या कृतीने मला फारसे चांगले फोटो दिले नाहीत, पण वाईट फोटोही बाराच दिले. बारा म्हटले की माणूस विचार करतो. ‘हा फोटो काढू का?’ असा प्रश्न आम्ही घरात पाचजण मिळून सोडवत असू.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मी समीक्षा वाचायला लागलो. म्हणजे फोटोग्राफीची हँडबुकं. ती सगळी परदेशी. त्यांतल्या तक्त्यांत ‘बर्फाच्छादित डोंगर’ असा एक रकाना हमखास असे, ‘चाळीची गॅलरी’ असा रकाना मात्र कुणी दिला नव्हता. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याएवढा ठेवा, म्हणजे १०० ची फिल्म असेल तर साधारण १/१०० सेकंद, असा त्यांचा एक नियम. नियम खरा आहे. आपल्याकडे भर दुपारी तो तंतोतंत लागू पडतो. फक्त सूर्य डोक्यावर असल्यामुळे फोटोतल्या माणसांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. दुसरा नियम असा, की माणसाच्या डोक्यातून मागचा खांब, झाड किंवा खुंटी उगवल्यासारखी दिसू देऊ नये. तिसरा, माणूस सहज बसलेला असावा. ह्या तिसऱ्या नियमासाठी मी माणसांना किती वेळ ताटकळत बसवलं ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

हँडबुकामागून आला लाइटमीटर. ही मात्र खरी विचारप्रवर्तक कृती. आत सेलेनियमचा एक घट असतो. त्याच्यावर उजेड पडला की तो आपली आपण वीज तयार करतो आणि काटा हलवतो. बॅटरी नाही, चावी नाही. असा स्वावलंबी प्राणी मी आमच्या ऑफिसात एकही पाहिला नाही. पुढे बॅटरीवरचे मीटर आले. त्यांतल्या पुष्कळांना पाऱ्याची १.३५ व्होल्टची इवलीशी बॅटरी लागे. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बंद झाल्या, आणि हल्ली त्याजागी दीड व्होल्टची घातली की मीटर आयुष्यभर खरं बोलून म्हातारपणी थापा मारायला लागतो.

पण मीटर कुठलाही असो, त्याचं तत्त्वज्ञान एकच. जग करडं आहे. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडं, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं तो गृहीत धरतो. पांढऱ्याशुभ्र धोतराकडे रोखला तर तो म्हणतो, फार उजेड आहे, कमी करा. धोतर करडं येतं. काळ्या म्हशीकडे रोखला तर म्हणतो, फार अंधार आहे, वाढवा. म्हैस करडी येते. तेव्हा धोतराला त्याने सांगितलं त्याहून जास्त उजेड द्यायचा आणि म्हशीला कमी. म्हणजे मीटरचं मत विचारायचं आणि त्याच्या उलट वागायचं. एवढं कळायला मला सहा रोल लागले. काही समीक्षकांच्या बाबतीत हेच कळायला अख्खी साहित्यिक कारकीर्द जाते, त्या मानाने स्वस्तात सुटलो.

तिकाटी, फिल्टर आणि फ्लॅशगन ह्यांना अलंकार म्हणावं. तिकाटीने माझ्या अंगठ्याचं नख घेतलं, एवढीच तिची नोंद पुरे.

डेव्हलपिंग मी मोरीत करत असे. रात्री दहानंतर, सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर, दाराच्या फटीत गोधडी खुपसून. डेव्हलपरचं तापमान २० अंश सेल्सिअस असावं असं प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणीच ३० अंशांचं. मग शेजारच्या घरून बर्फ मागून आणायचा. शेजारीण विचारी, “सरबत का?” हो म्हणावं तर ग्लास मागतील, नाही म्हणावं तर डेव्हलपिंग समजावून सांगावं लागेल. मी ‘हो’ म्हणत असे. हायपोचे खडे हुबेहूब खडीसाखरेसारखे दिसतात, म्हणून आईने त्या बरणीवर स्वतःच्या हाताने ‘नैवेद्याला नाही’ अशी चिठ्ठी डकवली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, ह्या सगळ्या उद्योगाला ‘मोरीतला छापखाना’ म्हणत आणि रात्री दीडला दार वाजवून “छपाई झाली असेल तर एक माणूस आत सोडा,” असं म्हणत.

आता मुख्य कृतीकडे वळतो. १९८३ साली मी ओळखीच्याच्या ओळखीतून एक जुना जर्मन घडीचा कॅमेरा घेतला. बटण दाबलं की दार उघडून काळ्या चामड्याचा भाता बाहेर येई आणि त्याच्या टोकाला भिंग. मेक सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. शटरवर १, २, ५, १०, २५, ५०, १०० असे आकडे. १ म्हणजे पूर्ण सेकंद, १०० म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. भरभरचे वेग ठीक चालत, पण एक सेकंद लावला की शटर उघडे आणि विचारात पडे. तीन सेकंदांनी, चार सेकंदांनी, आठवण झाल्यासारखं मिटे.

मी निदान केलं: सुकलंय. उपाय: तेल. आईच्या पायाच्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची चोचवाली डबी असे. दुपारी आई झोपली असताना ती मी घेतली आणि शटरच्या पात्यांवर चार थेंब सोडले. मग शटर दहा-बारा वेळा उडवलं. काय सुंदर आवाज आला! लोण्यासारखा.

त्यानंतर दोन दिवसांनी पाडवा होता. आईने इरकली नेसली होती. आईचा चांगला असा फोटो घरात नव्हताच. कुणी कॅमेरा काढला की तिला स्वयंपाकघरात काहीतरी लागलेलं असे. त्या दिवशी मी तिला खिडकीशी बसवली. तिकाटी लावली. मीटर तिच्या गालाशी धरला, मग पदराशी धरला, मग दोन्हींची सरासरी काढली. “हलू नकोस,” “जरा सहज बस,” “सहज म्हणजे अशी नाही,” असं करत चाळीस मिनिटं गेली. दूध उतू गेलं. आई म्हणाली, “अरे, तुझं ते घड्याळ काय म्हणतंय? मी सुंदर आहे की नाही?” मी म्हणालो, “आई, बोलू नकोस.” पाच फोटो काढले.

रात्री मोरीत टाकी उघडली. फोटोग्राफीत सगळं उलटं असतं. निगेटिव्हवर काळं ते खऱ्यात पांढरं. त्या पाचही चौकोनांत निगेटिव्ह डांबरासारखी काळीकुट्ट होती. प्रिंट काढला असता तर कोरा पांढरा कागद आला असता. मी आईला सांगितलं, रोल खराब निघाला. ऊटीचा कारखाना लांब होता. तो काही बोलायला येणार नव्हता.

कॅमेरा घेऊन मी फोर्टात गेलो. तेव्हाच्या व्ही.टी. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर बोरा बाजार. कॅमेऱ्यांचा धंदा करणारी सगळी मुंबई तिथे. त्यातल्या एका जिन्याखाली एक मिस्त्री बसत. मूळचे मालवणकडचे. एरवी मुंबईचं मराठी बोलत, पण राग आला की गावी जात. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला न लावता कानाला लावला, आणि शटर उडवलं. मग पुन्हा एकदा. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “तेल कोणतं?”

“कसलं तेल?” मी म्हणालो.

“साहेब, डॉक्टरपासून आणि मिस्त्रीपासून लपवू नये.”

“शिलाई मशीनचं,” मी खालच्या आवाजात म्हणालो.

“शिरा पडली त्या तेलार!” मिस्त्री गावी पोचले. “ह्यां शटर आसा काय सायकलची चेन?”

मग त्यांनी शांतपणे मला माझा गुन्हा समजावून सांगितला. शटरची पाती कागदाहूनही पातळ असतात आणि एकमेकांवर सरकतात. ती कोरडीच चालायची. त्यांच्यात तेल गेलं की दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी ती चिकटतात. उघडतात, पण मिटायला उशीर करतात. १/२५ सेकंदाचा अर्धा सेकंद होतो आणि फिल्मवर पोत्याने उजेड पडतो. मुळात कॅमेऱ्याला झालं होतं ते एवढंच, की हळू वेगाची चाकं जिथे असतात तिथलं जुनं वंगण घट्ट झालं होतं. ती चाकं धुऊन त्यांच्या आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल दिलं की काम झालं असतं. “तेल हवं होतं तिथे नाही घातलं, नको होतं तिथे घातलं. मंगळवारी या.”

मी पाच मंगळवार गेलो. पण त्या पाच मंगळवारांत मला साहित्याचं जे शिक्षण मिळालं ते हँडबुकांत नव्हतं. मिस्त्रींकडे खणांचं एक लाकडी कपाट होतं. प्रत्येक खणात एक कॅमेरा आणि त्याच्यासोबत दुखण्याची चिठ्ठी. एक कॅमेरा १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाचा. ज्या दिवशी मुंबईतली निम्मी माणसं दारंखिडक्या लावून बसली होती, त्या दिवशी ह्याच्या मालकाने गच्चीवर जाऊन तो सूर्यावर रोखून ठेवला. आत कापडी पडद्याचं शटर. भिंगाने उन्हात कापूस पेटवावा तसं त्या पडद्याला बारीक भोक पडलं. एक कॅमेरा जुहूचा, वाळू खाल्लेला. तीन-चार पावसाळ्याचे. त्यांच्या भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली.

“चामड्याच्या केसमध्ये ठेवलात ना पावसाळाभर?” मिस्त्री प्रत्येकाला विचारत. चामडं ओल धरून ठेवतं आणि काळोखात बुरशीचं फावतं. त्यांचा उपाय होता घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी. खडे निळे आहेत तोवर कोरडे, गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करायचे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी सांगितलं, “भात चांगला होईल. कॅमेऱ्यात कोंडा जाईल.” माझ्या कॅमेऱ्याच्या भात्याला त्यांनी आतून बॅटरी लावून अंधारात दाखवलं, तेव्हा घडीच्या कोपऱ्यांत दोन चांदण्या दिसल्या. तिथूनही उजेड आत येत होता. मला त्यांचा पत्ताच नव्हता. चार महिने मी त्या कॅमेऱ्याच्या भिंगाच्या कीर्तीवर मित्रमंडळींत व्याख्यानं देत होतो.

सहाव्या मंगळवारी आई म्हणाली, “मी येते तुझ्याबरोबर. दर मंगळवारी जातोस कुठे ते तरी बघू दे.” खरं कारण वेगळं होतं. तेलाच्या डबीतलं तेल कमी झालेलं तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि ती माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. ते तिला मिस्त्रींच्या तोंडून ऐकायला मिळालं.

“मशीनचं तेल घातलं ह्याने?” आई म्हणाली. “अहो, मशीनला घालताना सुद्धा आम्ही आधी चिंधी शिवून बघतो. जास्तीचं तेल चिंधी पिते. नाहीतर पुढचा ब्लाउज डागाळतो.”

“तेच मी म्हणतो,” मिस्त्री म्हणाले. “आणि कुठे घालता?”

“जिथे भोक दिलंय तिथे. पट्ट्याला लागू द्यायचं नाही. पट्टा घसरतो.”

“वैनीनूं, तुमका कळता,” मिस्त्री ह्या वेळी रागावल्याशिवाय गावी गेले. “ह्यांका कळाक नाय.”

पुढची वीस मिनिटं ती दोघं बोलत होती. बॉबिनचा ताण आणि शटरची स्प्रिंग, सुई वाकणं आणि पातं वाकणं, स्वस्त तेल आणि त्याची बसणारी पुटं. मी मध्ये एकदा सेलेनियमचा विषय काढून पाहिला. कुणी लक्ष दिलं नाही. पोऱ्याने आणलेला कटिंग मला मिळाला. आईसाठी मिस्त्रींनी शेजारच्या दुकानातून खास कपबशी मागवली.

“रोल आणलायत? टाका,” मिस्त्री मला म्हणाले. “शटर नीट मिटतंय की नाही ते फिल्मच सांगेल.” त्यांनी एक फोटो समोरच्या पाटीचा घेतला, एक माझा घेतला. मग दारातून येणाऱ्या उजेडाकडे एकदा बघितलं, पंचवीस लावले, अ‍ॅपर्चर ५.६ केलं, अंतर नजरेनेच सहा फूट ठरवलं आणि आईला म्हणाले, “मग त्या ब्लाउजाचा काय झाला?” आई हसून सांगायला लागली. टिक. तिला कळलंही नाही. मला कळलं, कारण माझा हात अजून खिशातल्या मीटरकडे जातच होता.

आई १९९१ साली गेली. आपल्याकडे माणूस गेलं की घरात पहिली धावाधाव फोटोसाठी होते. मी ते कपाट उघडलं. वर्सोव्याच्या होड्या होत्या, पानावरचे थेंब होते, वेगवेगळ्या फिल्टरांतून काढलेला एकच ढग सात वेळा होता. आईच्या नावाच्या पाकिटात पाच काळे चौकोन होते आणि बोरा बाजारातला तो एक फोटो.

समीक्षक ह्या नात्याने त्या फोटोचे दोष सांगतो. तो किंचित डावीकडे कललेला आहे. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आईच्या अंबाड्यातून उगवलं आहे. खालच्या कोपऱ्यात पान्ह्याचं अर्धं टोक आलं आहे. आईचे डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, तोंड अर्धवट उघडं आहे, आणि हातात चहाची बशी आहे. हँडबुकातला फक्त एक नियम त्यात पाळला गेलाय. माणूस सहज बसलेला आहे.

आत्या म्हणाली, “बशी हातात घेतलेला फोटो कुणी भिंतीवर लावतं का?” स्टुडिओवाला म्हणाला, बशी घालवता येईल, ब्रशने रंगवून त्या जागी फूल देऊ. सगळे अण्णांकडे बघायला लागले. ज्यांना आयुष्यभर मोरीतल्या छापखान्याचा ताप झाला होता, ते अण्णा फोटो हातात धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, “बशी राहू दे. ब्लाउजाचंच सांगत असणार.” त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता समारोप. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली आपला पहिला कोडॅक विकायला काढला तेव्हा त्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच येई. फोटो संपले की आख्खा कॅमेरा कारखान्यात धाडायचा. तिथे तो उघडत, फोटो छापत, नवी फिल्म भरून परत पाठवत. गिऱ्हाइकाने आत बघायचंच नाही. आजच्या फोनचा कॅमेरा पाहिला की मला वाटतं, आपण फिरून १८८८ सालीच आलो. फोन चांगला आहे. आमच्या नातवाने त्याच्यात माझे जेवढे फोटो काढलेत तेवढे मी उभ्या आयुष्यात आईचे काढले नाहीत. पण फोनला दोष झाला की ‘आत काय झालं’ हे सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. ‘नवा घ्या’ म्हणणारी भेटतात. आणि आपण काय चूक केली हे तर कुणीच तोंडावर सांगत नाही.

माझ्या मते साहित्य कुठलंही असो, त्याचा खरा जाणकार तोच, ज्याला तेल कुठे घालायचं नि कुठे घालायचं नाही हे ठाऊक असतं. असे मला आयुष्यात दोन भेटले. दोघांनीही समीक्षेचं पुस्तक उघडलं नव्हतं. दोघं एकाच बाकावर वीस मिनिटं बसले होते, आणि त्या वेळी मी त्यांच्या मध्ये सेलेनियम घेऊन आलो होतो.

मिस्त्रींच्या जिन्याखाली पुढे मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा बसायला लागला. त्याला मिस्त्रींबद्दल काही सांगता आलं नाही. कॅमेरा माझ्याकडे आहे. पत्र्याच्या डब्यात, निळ्या खड्यांच्या संगतीत. मिस्त्रींच्या हुकमाप्रमाणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याचे सगळे वेग एकेकदा चालवतो आणि कानाला लावून ऐकतो. हल्ली तरुण मंडळींना फिल्मचं पुन्हा वेड लागलंय, त्यामुळे परवा नातवाने तो मागितला. मी दिला. तो म्हणाला, “आजोबा, एक सेकंदावर जरा अडकतोय. तेल घालू का?”

मी काही बोललो नाही. त्याला भिंतीपाशी नेलं आणि फोटो दाखवला. म्हटलं, आधी ह्या बाईंना विचार.